लाल फडक्याचा कॅन

खंडेनवमीला आमच्याकडे पूजेला तलवार कधीच नव्हती. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून अजूनही त्या दिवशी एखादी गंजकी तलवार पाटावर निघते आणि तिच्यासोबत खरा-खोटा पराक्रमही बाहेर निघतो. आमचे पणजोबा संस्थानच्या मोटारखान्यात होते. त्यामुळे आमच्या पाटावर पाने, पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर असायचे, आणि पाटावर मावत नाही म्हणून शेजारी फरशीवर गवत कापायचं मशीन. पणजोबा मेकॅनिक होते असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. ते 'मोटारखान्याचं बघायचे' असं म्हणतात.

मशीन बाबांचं. ते सरकारी वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले, त्याच सुमारास कुठल्याशा सरकारी बंगल्याचं जुनं सामान निकाली निघालं, आणि सगळे जण खुर्च्या-कपाटं बघत असताना बाबांनी हे मशीन उचललं. पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं. आई तेव्हा म्हणाली होती की अंगणात गवत वीतभर आणि मशीन हत्तीएवढं. पण राजेंद्र नगरात आमच्या घरासमोर कॉलनीचा तिकोना बगीचा आहे. बाबांनी त्याचं गवत आपल्याकडे घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात माळी विळ्यानं वरवर कापायचा, कारण ओल्या गवताला मशीन लावायचं नाही हा बाबांचा नियम. चार महिने मशीन मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली असायचं. मग खंडेनवमीच्या सकाळी बाबा त्याला बाहेर काढत, पुसत, हळदकुंकू लावत, हँडलला झेंडूची माळ बांधत, नारळ फोडत, आणि माळेसकट एका झटक्यात दोरी ओढत. मशीन भडभडून सुरू व्हायचं. गल्लीतली आठ-दहा माणसं हातात प्रसाद घेऊन हे बघायला उभी असायची. मग बाबा समोरच्या बगीच्यात पहिला पट्टा कापायचे, आणि कोजागिरीला सगळे त्या कापलेल्या गवतावर सतरंज्या टाकून बसायचे.

हे सगळं एका झटक्यात व्हायचं, कारण बाबा मोटारखान्याचे नियम पाळायचे. नियम पणजोबांचे. ते आजोबांकडून बाबांकडे आले आणि बाबांनी ते आम्हा दोघा भावंडांना पाढ्यांसारखे पाठ करायला लावले. पावसाळ्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवायची, रिकामी ठेवली तर पत्रा आतून गंजतो. वर भर घालायला एक कॅनही भरून ठेवायचा. आणि पेट्रोलचं झाकण कचकचून आवळायचं नाही, अर्धा फेरा ढिलं ठेवायचं, नाहीतर गरमीनं डबा फुगतो. बाबा म्हणायचे, "पेट्रोलला श्वास घेऊ द्यावा लागतो, बेटा." दादा आणि मी लहानपणी याची टर उडवायचो. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, शाळेत तेच शिकवू लागले, तरी या नियमात मला काही वावगं दिसलं नाही. उलट मी ते वर्गात उदाहरण म्हणून सांगितलेलं आहे. मुली हसतात आणि लक्षात ठेवतात.

आई गेल्यावर बाबा राजेंद्र नगरच्या घरात एकटे राहायला लागले. मी अन्नपूर्णाला, स्कूटरनं पंधरा मिनिटांवर. दादा पुण्याला, तिथे जाऊन त्याचं मराठी सुधारलंय आणि काळजी वाढलीय. बाबांचं उत्तम चाललं होतं. स्वतःचा स्वयंपाक, स्वतःची स्कूटर, सकाळी बगीचा. त्यांची एकच अट होती, आणि ती त्यांनी आईच्या तेराव्याला आम्हा दोघांसमोर बोलून दाखवली होती: "माझं मला जमतंय तोवर हे घर सोडायला सांगू नका."

जमतंय तोवर. हे ठरवायचं कोणी? तर आम्ही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरले. पातेलं जळलं. मग एकदा सकाळी कोथिंबीर आणली आणि संध्याकाळी परत आणली. एकदा मला आईच्या नावानं हाक मारली. मी स्वतः महिन्यातून दोनदा पातेलं जाळते आणि माझ्या दोन वर्गांतल्या मुलींची नावं मी कायम उलटसुलट घेते. पण पंचेचाळिशीतली बाई विसरली की तिला कामं फार आहेत असं म्हणतात, आणि पंच्याहत्तरीतला माणूस विसरला की त्याची नोंद होते. मी नोंदी ठेवत होते. मला खोटं बोलायचं नाही, खरंच ठेवत होते, मनातल्या मनात, लाल पेनानं. चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

दादाशी फोनवर ठरलं. अजून एक काही झालं, मोठंसं, तर बाबांना माझ्याकडे आणायचं आणि घर बंद करायचं. बाबांना आम्ही हे सांगितलं नाही. ते कळण्याइतपत हुशार होते, आणि त्यांना कळलं होतं. त्या पावसाळ्यात ते माझ्याशी बोलताना जपून बोलायचे. काल काय केलं, भाजी काय केली, ते न विचारता सांगायचे. मला ते बघून वाईट वाटायचं आणि रागही यायचा.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी सकाळीच राजेंद्र नगरला गेले. पूजा झाली, नारळ फुटला. मी खोबऱ्याचं ताट घेऊन उभी होते. शेजारचे काका, समोरच्या काकू, नेहमीची मंडळी. बाबांनी धोतराचा सोगा खोचला, एक पाय मशीनवर ठेवला आणि दोरी ओढली.

काही नाही.

"थांबा भिया, आत्ता होते स्टार्ट," असं जमलेल्यांना म्हणून बाबांनी परत ओढली. मग परत. माळेतला झेंडू एकेक करून गळायला लागला. त्यांनी प्लग काढून पुसला, तारेच्या ब्रशनं घासला, बसवला, ओढली. मशीन एकदा खोकल्यासारखं झालं आणि गप्प झालं. मी झटके मोजत होते. अकरा झाले तेव्हा काका म्हणाले, "राहू द्या भिया, उद्या बघू." बाबांनी ऐकलं नाही. चौदाव्या झटक्याला त्यांचा तोल गेला आणि त्यांनी हँडल धरलं. लोक प्रसाद खात खात, दुसरीकडे बघत, निघून गेले. लोक असे निघून गेले की जास्त लागतं.

"नियमानं ठेवलं होतं ना मी," बाबा म्हणाले. ते मला सांगत नव्हते. मशीनला विचारत होते.

तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी लोडिंग रिक्षात मशीन टाकलं, पेट्रोलचा कॅन घेतला आणि बाबांना घेऊन परदेशीपुऱ्याला गेले. तिथे गिरणी होती त्या रस्त्यावर पंप, जनरेटर आणि असली मशीनं दुरुस्त करणारा एक माणूस आहे. बाबांचा जुना ओळखीचा, त्यांना बाबूजी म्हणणारा. त्यानं कार्बोरेटर उघडला, आत पांढरट चिकटा दिसला. रबरी नळी बोटांनी दाबली, तर ती मऊ पडलेली होती. मग त्यानं टाकीतलं पेट्रोल तळापासून काढून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली उजेडात धरली.

बाटलीत दोन थर होते. वरचा पिवळसर, आणि खाली पाव बाटली भरेल एवढा पातळ, स्वच्छ थर.

"पानी है, बाबूजी," तो म्हणाला.

कॅनमधलंही त्यानं बघितलं. तेच.

"पानी कुठून येईल?" बाबा म्हणाले. "पत्र्याच्या शेडमध्ये आहे. थेंब नाही गळत तिथे."

मेकॅनिक माझ्याकडे वळला. "मैडम, पेट्रोल ही ऐसा आ रिया है आजकल." मग बाटलीकडे परत बघून म्हणाला, "पर इत्ता पानी... ये तो डाला हुआ लगे है."

पहिलं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. पेट्रोल खराब येतंय हे मेकॅनिक लोकांचं ठरलेलं वाक्य आहे, मुलींच्या 'बाई, लाइट गेली होती' सारखं. दुसरं वाक्य मी घट्ट धरलं. बाबांनी बाटली हातात घेतली, वरचं पिवळं पेट्रोल हलकेच एका डब्यात ओतून दिलं आणि खाली राहिलेल्या थराचा वास घेतला. दोनदा घेतला.

"हे पाणी नाहीये," ते म्हणाले. "बेटा, तू वास घेऊन बघ ना. पाण्याला असा वास असतो काय?"

"पेट्रोलमध्ये होतं बाबा. पेट्रोलचाच वास येणार."

"पेट्रोलचा नाही. वेगळा आहे. घेऊन तर बघ."

त्यांनी बाटली माझ्यासमोर धरली होती. रस्त्यावर उन्हात आम्ही उभे, रिक्षावाला ताटकळतोय, मेकॅनिक ऐकतोय. मला लाज वाटत होती. मी बाटली हातात घेतली नाही. "चला आता," एवढंच म्हटलं. पंधरा वर्षं मी मुलींना सांगतेय की पदार्थ ओळखताना आधी निरीक्षण करा, रंग बघा, वास घ्या, मग निष्कर्ष काढा. माझा निष्कर्ष घरून निघतानाच तयार होता.

घरी आल्यावर मी शेडमध्ये गेले. पेट्रोलचा कॅन जिथे असायचा तिथेच शेजारी तसाच दुसरा कॅन होता, त्याच आकाराचा, तसाच पांढरा. त्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. दोन्ही एकाच दुकानातून आणलेले. उचलून बघितला तर अर्धा रिकामा. मला एवढं पुरलं. बॅटरी पाणी पिते, वर्षभरात अर्धा कॅन सहज जातो, हे मला माहीत होतं. मी तो विचार केला नाही. पेट्रोलच्या कॅनमध्येही तेच कसं निघालं, हाही नाही.

मी बाबांना शेडमध्ये बोलावलं आणि दोन्ही कॅन दाखवले.

"लाल फडकं बांधलंय ना मी पेट्रोलच्याला," बाबा म्हणाले. खरंच बांधलेलं होतं, कानाला, घट्ट गाठ मारून. "गल्लत होऊ नये म्हणूनच बांधलंय."

"जूनमध्ये भरताना होतं का बांधलेलं?"

"असणारच."

"असणारच म्हणजे? आठवतंय का?"

"बेटा, मी कशाला पाणी टाकू यार टाकीत?"

"मुद्दाम टाकलं म्हणत नाहीये मी. आठवून सांगा. कॅन उचललात. कुठल्या हातानं? फडकं दिसलं होतं का?"

हे मी माझ्या वर्गातल्या आवाजात विचारत होते. ज्या मुलीनं कॉपी केली आहे असं मला ठाऊक असतं तिला मी असं विचारते, एकेक पायरी, घाई न करता. बाबा दोन्ही कॅनकडे बघत उभे राहिले. चार महिन्यांपूर्वी कुठल्या हातानं कॅन उचलला हे कोणाला आठवतं? मला तर कालचा आठवत नाही. पण त्यांना आठवेना, आणि आठवत नाहीये हे त्यांच्या तोंडावर दिसायला लागलं. मी गप्प उभी राहिले. गप्प राहिल्यावर मुली कबूल होतात.

"घातलं असेल मीच," शेवटी बाबा म्हणाले.

संध्याकाळी दादाला फोन केला. "आता अजून कशाची वाट बघतेयस?" दादा म्हणाला. "आज पाणी घातलं, उद्या पेट्रोलचा कॅन स्वयंपाकघरात नेतील." मला तेच ऐकायचं होतं. मी फोन ठेवून वळले तर बाबांनी स्कूटरची चावी डायनिंग टेबलवर आणून ठेवलेली होती, माझ्या पर्सशेजारी. मी मागितली नव्हती. ते आत जाऊन देवाजवळ दिवा लावू लागले.

दिवाळीनंतर ते माझ्याकडे अन्नपूर्णाला आले. राजेंद्र नगरचं घर बंद केलं. कोजागिरीला बगीच्यात गवत तसंच होतं, लोक कोणाच्या तरी गच्चीवर बसले म्हणे. मशीन मेकॅनिककडेच राहिलं.

माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. बाल्कनीत दोन कुंड्या आहेत. सुरुवातीला मला वाटलं, बरं झालं. डोळ्यासमोर आहेत, जेवण वेळेवर आहे, काळजी नाही. मग हळूहळू एक गोष्ट सुरू झाली. बाबा चहा करायला उठायचे आणि डबा उघडून मला दाखवायचे: "ही साखरच आहे ना?" मी म्हणायचे, हो. दुसऱ्या दिवशी परत. मग दूध. मग देवाजवळच्या दिव्यात घालायचं तेल. कुंडीला पाणी घालायच्या आधी तांब्या माझ्यासमोर धरायचे. मी सुरुवातीला हसले, मग चिडले. एकदा वह्या तपासताना म्हणाले, "बाबा, पाणी पाण्यासारखं दिसतं हो." ते "बरोबर, बरोबर" म्हणाले आणि त्या दिवशी कुंडीला पाणी घातलंच नाही.

डॉक्टरांनी तपासलं. वयाच्या मानानं ठीक आहे, म्हणाले. पण आज वार कोणता, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. बुधवार आहे हे त्यांना माहीत होतं. सकाळी त्यांनीच कॅलेंडरचं पान बघून मला सांगितलं होतं.

मी ही गोष्टही नोंदीत घातली, म्हणजे आधीच्या कबुलीला पुष्टी म्हणून. मी किती बरोबर होते, याचा पुरावा.

आता यंदाचं. नववी-दहावीच्या मुलींसाठी आम्ही दर वर्षी काही सोपे, रोजच्या वापरातले प्रयोग करून दाखवतो. यंदा मी ठरवलं, पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते दाखवायचं. हल्ली पंपावर वीस टक्क्यांचं लिहिलेलंच असतं, मुलींच्या घरीही बोलणं होतं की अमक्याची गाडी चालू होईना, तमक्याचं मायलेज कमी झालं. प्रयोग साधा आहे. मोजपात्रात शंभर मिलिलिटर पेट्रोल घ्यायचं, त्यात दहा मिलिलिटर पाणी घालायचं, हलवायचं आणि थांबायचं. कुठलाही प्रयोग वर्गात करण्याआधी मी एकदा एकटी करून बघते. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडल्या, स्कूटरमधून नळीनं काढलेलं पेट्रोल मोजलं, पाणी घातलं, बूच लावून हलवलं आणि स्टँडवर ठेवलं.

एक-दोन मिनिटांत थर वेगळे झाले. वर पिवळसर. खाली पातळ, स्वच्छ.

मी पाणी दहा मिलिलिटर घातलं होतं. खालचा थर तिसाच्या रेघेवर होता.

उत्तर मला आधीच माहीत होतं, प्रयोग मीच निवडला होता. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. पाणी आलं की ते पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं आणि त्याच्याबरोबर तळाला बसतं. म्हणून पाणी थोडं आणि थर मोठा. पावसाळ्याची दमट हवा चार महिने ढिल्या झाकणातून आत येत राहिली तर थोडं पाणी जमायला किती वेळ लागतो? आणि मग पाव बाटली थर दिसायला कोणी कॅन ओतायची गरज नसते. हे सगळं मला पाठ होतं. फक्त मोजपात्राच्या तळाकडे बघत असताना मला परदेशीपुऱ्यातली कोल्ड्रिंकची बाटली दिसली, आणि ती माझ्यासमोर धरलेला हात दिसला.

मी बूच काढलं. वरचं पेट्रोल पिपेटनं काढून घेतलं आणि तळातल्याचा वास घेतला. पेट्रोलचा होताच, पण त्याखाली दुसरा होता, गोडसर, डोक्यात जाणारा, इंजेक्शन देण्याआधी दंडाला कापूस लावतात त्याचा. वेगळा. पाण्याला असा वास नसतो. हे बाबांना शिकवावं लागलं नव्हतं, त्यांना ते भर रस्त्यात कळलं होतं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पणजोबांच्या नियमाचंही नाही, जुन्या पेट्रोलला तो नियम बरोबरच होता. झाकण तेच होतं, ढिलं तेवढंच होतं, फक्त पंपावरचं पेट्रोल बदललं, आणि ते कशानं बदललं हे घरात एकाच माणसाला माहीत असायला हवं होतं. त्या माणसानं वास घेतला नाही. मी स्टुलावर बसले आणि रडले. लॅबचा शिपाई कुलूप लावायला आला तो तसाच परत गेला.

तळातला थर मी एका छोट्या बाटलीत भरला आणि घरी आणला. जिना चढताना मनात ठरवत होते की राजेंद्र नगरचं घर उघडायचं, झाडून घ्यायचं, मशीनला नवी नळी बसवून घ्यायची, स्कूटरची चावी परत द्यायची. दादाला काय सांगायचं तेही ठरलं होतं. मला घाई झाली होती. नवमी तीन आठवड्यांवर होती.

बाबा बाल्कनीत बसले होते. मी खाली फरशीवर त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. मोजपात्र, दहा, तीस, ढिलं झाकण, दमट हवा. सोपं करून, दोनदा. "तुम्ही पाणी घातलं नव्हतं बाबा," मी म्हटलं. "कधीच नाही. ते पेट्रोलच तसं होतं. माझी चूक झाली."

ते माझ्या डोक्यावर हात ठेवून ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "असं नको मनाला लावून घेऊ. तुझी काय चूक? मीच घातलं होतं."

"नाही हो बाबा. तेच तर सांगतेय."

"अरे, मला आठवतंय ना." त्यांनी डोळे बारीक केले. "डाव्या हातानं उचलला कॅन. फडकं नव्हतं त्याला. अर्धा ओतला असेल, आणि तुझी आई आतून म्हणाली, अहो, तो नाही, लाल फडक्याचा घ्या. मी ऐकलं नाही. तिचं कधी ऐकलं मी?" आणि ते हसले.

त्या जूनमध्ये आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

कुठल्या हातानं, हे मी विचारलं होतं. फडकं दिसलं का, हेही मीच विचारलं होतं. दोन वर्षं त्यांनी त्याच प्रश्नांची उत्तरं शोधली होती, आणि एकेक करून ती सापडत गेली होती.

मग मला आठवलं की बाटली माझ्या हातात आहे. मी घाईघाईनं तिचं बूच काढलं आणि ती त्यांच्यासमोर धरली. "वास घ्या बाबा. परदेशीपुऱ्यात घेतला होतात ना, तसा. तुम्हीच म्हणाला होतात, हे वेगळं आहे. घ्या ना."

त्यांनी बाटली घेतली. नाकाशी नेली. एकदा घेतला, मग पुन्हा, लांब. त्यांच्या नाकपुड्या आक्रसल्या, कपाळावर आठी आली, आणि मला वाटलं, आता म्हणतील. मग त्यांनी बाटली खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. असं बघणं मी रोज बघते. उत्तराची खात्री नसलेल्या मुली फळ्याकडे बघत नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघतात.

"पाणी," बाबा म्हणाले. "पाणीच आहे ना, बेटा?"